खाणीतील पाणी : उपशाइतकाच नकाशाही महत्त्वाचा
भूमिगत कोळसा खाणीत झिरपणारे पाणी सखल भागातील हौदात गोळा करून पंपाने उपसले जाते. परिसरातील भूजलाची पातळी पिझोमीटरने मोजली जाते. मात्र, मोठा धोका असतो तो सोडून दिलेल्या जुन्या भुयारांत साचलेल्या पाण्याचा. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत असेच पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. अशा भुयारांपासून ६० मीटरच्या आत पूर्वपरवानगीविना खोदकाम करण्यास नियमांनी मनाई आहे. परवानगीनंतरही आधी लांब छिद्रे पाडून पुढील पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो. जुन्या खाणीचा नकाशाच चुकीचा असेल, तर हे ६० मीटरही निरर्थक ठरतात.