खांद्यावरचा कॅमेरा आणि मोटरींचा दिमाख

लग्नसराईत आणि शिमग्यात कोकणभर शूटिंगच्या ऑर्डरी घेऊन फिरणाऱ्यांमध्ये अलीकडे एक मत सिद्धान्ताच्या थाटात वावरतं. चित्र स्थिर हवं तर गिंबल घ्या. खांद्याला टेकवायचा रिग ही कॅसेटच्या काळातली वस्तू, आणि तो घरी बनवलेला असेल तर निव्वळ ऐपत नसलेल्याचा जुगाड. हातखंब्याच्या तिठ्यावर चहा पिताना कुणाही शूटिंगवाल्याला विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल. मला हे मत अर्धं चूक वाटतं, आणि जे अर्धं बरोबर आहे तेही भलत्याच कारणासाठी बरोबर आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. गिंबलमध्ये तीन मोटरी असतात. कॅमेरा डावी-उजवीकडे वळला, वर-खाली झुकला किंवा एका अंगावर कलला, की सेन्सर ते टिपतो आणि मोटर उलट दिशेला फिरून चूक भरून काढते. हे इतक्या वेगाने चालतं की माणसाच्या हाताने साधणं अशक्य. वरातीत नवरीच्या पुढे उलटं चालत घेतलेला तो तरंगता शॉट गिंबलशिवाय मिळत नाही, हे मान्यच आहे.

पण या तिन्ही मोटरी ज्याला आवर घालतात ते सगळं वळणं आहे. शूटिंगवाला चालताना दर पावलागणिक अख्खा कॅमेरा जो वर-खाली होतो, ते वळणं नव्हे, सरकणं. त्यावर तीन अक्षांच्या गिंबलकडे उपाय नाही. म्हणून तर गिंबल घेतल्यावर गुडघे वाकवून बदकासारखं चालायला शिकावं लागतं. मोटरींनी जे काम केल्याचं श्रेय लाटलं, त्यातलं बरंचसं गुडघे करतात.

वळणं आणि सरकणं यांतला भेद आकड्यांत पाहू. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर 100 मिलिमीटरची लेन्स आडव्यात साधारण 20 अंश पाहते. हात एक अंश हलला की चित्र चौकटीच्या विसाव्या भागाने उडी मारतं. तीच लेन्स पाच मीटरवरच्या माणसावर रोखली तर चौकटीत सुमारे 1.8 मीटर रुंदी मावते. कॅमेरा नुसता एक सेंटिमीटर बाजूला सरकला तर चित्र चौकटीच्या एकशेऐंशीव्या भागाएवढंच हलतं, डोळ्याला ते जेमतेम कळतं. म्हणजे लांबून, एका जागी उभं राहून घेतलेल्या शॉटचा खरा शत्रू हाताचं वळणं आहे. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला 8 ते 12 वेळा बारीक कंप असतो. तो मोटरीशिवाय दाबता येतो का, एवढाच वादाचा मुद्दा उरतो.

येतो. त्याला लागतं वजन आणि अंतर. कॅमेरा, लेन्स, माइक मिळून 1.8 किलो आहेत आणि त्यांचा भारमध्य खांद्यापुढे 30 सेंटिमीटरवर आहे असं धरा. खांद्यामागे 27 सेंटिमीटरवर 2 किलोचं वजन अडकवलं की रिगचा दांडा तोलून राहतो, कारण दोन्हीकडचा गुणाकार 54 येतो. आता हातांना भार उचलायचा नाही, फक्त दिशा द्यायची आहे. शिवाय वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो, अंतर दुप्पट तर विरोध चौपट. हाताचा कंप तोच राहतो, पण दोन टोकांना विभागलेल्या या वजनाला तो पूर्वीसारखा हलवू शकत नाही. ‘कॅमेरा हलका तेवढा बरा’ ही समजूत इथेच निकालात निघते. खांद्यावर एकूण भार वाढला हे खरं, पण तो हाडांवर आला. गिंबल स्वतःच सव्वा-दीड किलोचा, त्यात कॅमेऱ्याची भर, आणि ते सगळं शरीरापासून दूर पुढे धरायचं म्हणजे सारा भार दंडावर आणि मनगटावर. रात्रभराचं नमन किंवा जाखडीची लांबलेली बारी अशी धरून पाहावी.

रिग जुन्या जमान्याचा, या आक्षेपात तर इतिहासच उलटा वाचलेला आहे. खांदा ही जागा कॅमेरा बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक निवडलेली होती. फ्रान्समधल्या आतोन कंपनीच्या बोव्हियालाने सत्तरच्या दशकात खांद्यावर मांजर बसावं तसा बसणारा कॅमेरा हे आपलं ध्येयच ठरवलं. 1982 साली सोनीचा बेटाकॅम आला आणि रेकॉर्डर कॅमेऱ्याला जोडून खांद्यावर चढला, त्याची कॅसेट आणि बॅटरी मागच्या बाजूला वजन देत. आपल्याकडच्या लग्नांतले पॅनासॉनिकचे मोठे व्हीएचएस कॅमेरेही याच घाटाचे. मग 2008 मध्ये निकॉनचा डी-90 आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आले, स्थिरचित्रांचे कॅमेरे व्हिडिओ घेऊ लागले. चित्र देखणं झालं, आणि कॅमेऱ्याचा मागचा अर्धा भाग गेला. रिग म्हणजे तो गेलेला अर्धा भाग परत लावणं. त्यात नवीनही काही नाही आणि कालबाह्यही काही नाही.

राहिला घरगुतीपणाचा कलंक. इथे कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचं नाव घेण्याचा मोह होतो. हातखंब्याहून पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढलं की त्यांचं गाव येतं. त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास कॅमेरा स्वतः बनवला आणि 1920 चा ‘सैरंध्री’ चित्रपट काढला. पण हा दाखला मी पुरावा म्हणून देणार नाही. फिल्म पुढे सरकवणारी यंत्रणा केसाएवढी चुकली तरी चित्र फुकट जातं, ती घडवायला असामान्य हात लागतो. रिगमध्ये हलणारा भागच नाही. तो घरी होतो तो प्रतिभेमुळे नव्हे, काम सोपं आहे म्हणून. उलट विकतचा रिग कुणाच्याही खांद्यासाठी बनलेला असतो, म्हणजे नेमका कुणाच्याच नाही.

घरगुती रिगवर टीका करणाऱ्यांचं एक मात्र पटतं. पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी जोडून केलेला सांगाडा लवतो, कुरकुरतो, आणि ती कुरकुर कॅमेऱ्यावरचा माइक इमानाने नोंदवतो. पण दोष पाइपचा आहे. सरकत्या खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे तुकडे पडलेले असतात. ते घ्यावेत, खाऱ्या हवेत गंजतही नाहीत. खांद्याखाली दप्तराच्या जाड पट्ट्याचा फोम, मुठींना सायकलचे ग्रिप. मागचं वजन किती, याला गणितही नको. मागे रिकामी बाटली टांगून तिच्यात पाणी ओतत जा, दांडा आडवा झाला की थांबा. एक लिटर म्हणजे एक किलो. तेवढ्या वजनाच्या लोखंडी चकत्या मग कायमच्या बसवायच्या.

जपायचं ते एका बोल्टला. कॅमेऱ्याच्या तळाचं भोक पाव इंचाचं, इंचाला 20 आट्यांचं असतं. हार्डवेअरवाला सवयीने सहा एमएमचा बोल्ट पुढे करतो. तो आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि ऐन गर्दीत सुटतो. पाव इंचीच मागायचा, आणि कॅमेऱ्यात साडेचार-पाच मिलिमीटरच शिरेल एवढा कापायचा. त्याहून लांब बोल्ट जोर लावून पिळला तर तळ फुटतो. बाकी सांध्यांना नायलॉनचे लॉकनट, आणि कॅमेऱ्याचा पट्टा दांड्याला वेगळा बांधलेला. दोन लाखांचा कॅमेरा घरगुती दांड्यावर कसा ठेवायचा, या भीतीला एवढं उत्तर पुरतं. तरी धीर होत नसेल तर पहिले काही दिवस कॅमेऱ्याऐवजी तेवढ्याच वजनाची भरलेली बाटली बांधून फिरावं.

मग गिंबल कुठे आणि खांदा कुठे? पालखी नाचवतात तिथे पाहावं. ढोल घुमतोय, चारी बाजूंनी माणसं रेटतायत, पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर क्षणात फिरते. हात लांबवून गिंबल धरायला तिथे जागा नसते. कुणाचं कोपर लागलं की मोटरी आधी झगडतात आणि कधी कधी मान टाकतात. खांद्यावरचा कॅमेरा मात्र माणसाच्या अंगाबरोबर धक्का खातो आणि डोळा वळेल तिकडे त्याच क्षणी वळतो. गिंबल वळण गुळगुळीत करण्यासाठी मुद्दाम मागे राहतो, वरातीत तो गुण, इथे तोच दोष.

शेवटचा आक्षेप तांत्रिक नाही, म्हणून त्याला सगळे घाबरतात: गिऱ्हाईक काय म्हणेल? मांडवात गिंबल दिसला की यजमानाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, आणि खिडकीची नळी दिसली तर तो भाव पाडून मागतो. यावर उपाय मॅट काळ्या रंगाचा स्प्रे. दोन हात मारले की ती नळी कुठल्या खिडकीची होती हे नवरीचा मामाही विचारत नाही.