पिअर्स्मा, थेयुनिस

(१९५८ – ). स्थलांतरित किनारी पक्ष्यांच्या परिस्थितिविज्ञानाचे डच संशोधक. ग्रोनिंगेन विद्यापीठातील प्राध्यापक. टेक्सेल बेटावरील शाही सागर संशोधन संस्थेतही त्यांनी दीर्घकाळ काम केले.

वाडन समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर उतरणारा ‘रेड नॉट’ हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य पक्षी. तो शिंपले कवचासकट गिळतो आणि पेषणीत भरडतो. आहारानुसार ही पेषणी लहानमोठी होते. लांब उड्डाणापूर्वी आक्रसते. ओल्या वाळूत चोच खुपसल्यावर पाण्याच्या दाबातील फरकावरून हा पक्षी गाडलेला शिंपला हुडकतो, हेही त्यांच्या गटाने प्रयोगांनी दाखवले.

रेड नॉटवरील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचे ते सहलेखक होते. त्यानुसार सायबेरियातील तैमिर द्वीपकल्पावर बर्फ लवकर वितळले, की या पक्ष्याची पिल्ले ऐन कीटकबहराला मुकतात, खुरटतात व त्यांची चोच आखूड राहते. मॉरिटानियाच्या बांक दार्गें किनाऱ्यावर हिवाळ्यात त्यांना खोलवरचे शिंपले गवसत नाहीत आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण वाढते. त्यामुळे स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणासाठी संपूर्ण उड्डाणमार्गाचा एकत्रित विचार अपरिहार्य ठरतो.

रेड नॉटच्या ‘पिअर्स्माय’ या उपजातीला त्यांचे नाव दिले आहे. त्यांना २०१४ मध्ये नेदर्लंड्सचा स्पिनोझा पुरस्कार मिळाला.