कोंड्यात गेलेली ताकद

गोंदियाचा इतिहास सांगायला बसले की लेखणी आधी रुळांवर चढते. 1880च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे इथून गेली, 1887मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, 1903 ते 1905च्या दरम्यान नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी गाडी सुरू झाली, आणि एका साध्या गावाचे जंक्शन झाले. रुळांमागोमाग व्यापारी आले, धानाच्या गिरण्या आल्या. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा निघाला तोवर तांदूळ हीच या शहराची ओळख झाली होती. हे सगळे खरे आहे. पण धान बांधीतून ताटापर्यंत न्यायला जी शक्ती लागते ती यंत्राआधी कुठून येत होती, हा हिशेब त्यात कुणी मांडत नाही. ती माणसाच्या, त्यातही बाईच्या, स्नायूंतून येत होती. गिरणीने तिचे काही श्रम वाचवले, हा मोठाच उपकार. मात्र त्याच वेळी गिरणीने तांदळातला असा एक अंश काढून टाकला, ज्याच्यावाचून तांदळातली शक्ती स्नायूला नीट वापरता येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ही किंमत मोजण्याची गरज नव्हती.

आधी श्रम कोणते ते पाहू. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांवर या मुलखाची शेती उभी राहिली. नवेगावबांध हे त्यातले सर्वांत ठळक नाव. त्या बांधांसाठी किती पाट्या माती डोक्यावरून वाहिली गेली असेल याची नोंद कुठे असणार? दरवर्षीची रोवणी मात्र आजही डोळ्यांसमोर होते. चिखलात पाय रोवून, कमरेत वाकून, पऱ्हे लावत मागे सरकत जायचे, आणि हे दिवसभर. या कामात एका वेळी फार जोर लागत नाही, म्हणून शरीर ते श्वासातल्या प्राणवायूच्या बळावर, साखर आणि चरबी दोन्ही हळूहळू जाळत निभावते. पाठीचे स्नायू मात्र सतत ताणलेले राहतात, आणि संध्याकाळी दुखते ते तेच. कांडण वेगळे. मुसळ वर उचलताना खांदे, दंड, पाठ असे सगळे एकदम जोर लावतात, आणि विश्रांतीच्या मानाने शरीराचा खर्च पाचपटीच्या आसपास जातो. स्नायूत त्या क्षणी वापरायला तयार असलेली शक्ती एटीपी नावाच्या रेणूत असते आणि ती काही सेकंदांतच संपते. तिच्या मदतीला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा असतो, तोही दहाएक सेकंदांचा. पुढे साखर प्राणवायूविना फोडून थोडा वेळ काढता येतो, पण काम लांबले की शेवटी प्राणवायूवर चालणाऱ्या सावकाश, टिकाऊ ज्वलनाचाच आधार उरतो. एका उखळावर दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकत, तोंडाने ओवी चालू ठेवत, यामागे शहाणपण होते. एकीचे मुसळ पडत असताना दुसरीच्या स्नायूला क्षणाची उसंत मिळे, आणि गाण्याच्या लयीत वेग दमाच्या पलीकडे जात नसे. इतके करूनही खर्च झालेल्या शक्तीपैकी जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कामाला येतो. बाकीची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते.

या शक्तीचा मुख्य पुरवठा भातातून होई. शंभर ग्रॅम तांदळात साधारण 345 कॅलरी असतात. त्यातला पिष्टमय भाग पचून साखर होते, आणि ती ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम व यकृतात शंभरेक ग्रॅम साठते. पण साठा असणे आणि तो जळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साखरेचे अर्धे तुकडे होऊन पायरुवेट तयार होते आणि ते पेशीच्या भट्टीत शिरते, त्या दारावर जीवनसत्त्व बी-1, म्हणजे थायमिन, लागते. ते नसेल तर पायरुवेट साचते, लॅक्टिक आम्ल वाढते, पायांतले बळ जाते, हृदय थकते. याच आजाराला बेरीबेरी म्हणतात. जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टराने 1890च्या दशकात पाहिले, की सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. पुढे 1930च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये पीटर्स यांनी थायमिनचे पायरुवेटशी असलेले नाते दाखवले. आपल्या देशात या आजाराचा मोठा टापू होता तो आंध्रचा किनारा. तिथल्या तांदळाचा आणि बेरीबेरीचा संबंध 1924मध्ये मॅकॅरिसन आणि नॉरिस या संशोधकांनी तपासला. त्याच टापूतल्या भीमावरमला 1895मध्ये जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासोबत 1927मध्ये क्रिएटिन फॉस्फेट आणि 1929मध्ये एटीपी शोधले. एटीपीचा शोध त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनीही स्वतंत्रपणे लावला होता. स्नायूच्या शक्तीचे मूळ चलन एका भातखाऊ मुलखातल्या माणसाने ओळखावे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

आता गिरणी काय करते ते पाहा. शंभर किलो धानातून सुमारे 67 किलो तांदूळ मिळतो. बाकी तूस, कोंडा आणि कणी. थायमिन मुख्यतः दाण्याच्या वरच्या पापुद्र्यात आणि अंकुरात असते, म्हणजे पॉलिश करताना जे कोंड्यात जाते त्यात. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या जुन्या कोष्टकांत हा फरक स्पष्ट आहे: हातसडीच्या कच्च्या तांदळात शंभर ग्रॅममागे 0.21 मिलिग्रॅम थायमिन, गिरणीच्या कच्च्या तांदळात 0.06. कॅलरी मात्र दोन्हींत जवळपास सारख्याच. म्हणजे सरपण तेवढेच राहिले, पेटवण्याचे साधन एक तृतीयांशाहून कमी उरले. इथून दूर नसलेल्या वर्ध्यात 1934च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथल्या मगनवाडीतून गांधीजी आणि कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला तो याच कारणाने, आणि रोजगारासाठी. 1955मध्ये द. गो. कर्वे यांच्या ग्रामोद्योगविषयक समितीने हातकांडपाला संरक्षण सुचवले. 1958मध्ये गिरण्यांवर परवान्याचा कायदा आला. तो 1997मध्ये रद्द झाला, पण त्याच्या कितीतरी आधी उखळे परसात पालथी पडली होती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हातसडीचे गोडवे गाणाऱ्यांनी मुसळ कुणाच्या हातात होते हे विसरू नये. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईने पहाटे उठून पुन्हा कांडायचे, तेही पोटात शिळा भात आणि पेज एवढ्यावर, यात गौरवाचे काही नाही. पोषणाचा फायदा सांगून तिला पुन्हा उखळाशी उभे करणे अन्यायच ठरेल, आणि वर्ध्याच्या प्रचाराने या प्रश्नाला पुरेसे उत्तर दिले असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप असा, की गोंदिया-भंडाऱ्यात आंध्रसारखी बेरीबेरीची साथ गाजली नाही, मग काळजी कशाची? उत्तर ताटात आहे. धानानंतर त्याच बांधीत लाखोळी, हरभरा, जवस येई. डाळीतून थायमिन मिळे. भाताची पेज फेकली जात नसे, ती प्यायली जाई, आणि थायमिन पाण्यात विरघळते. जिथे डाळ महाग होते आणि भात पसावून पाणी ओतून दिले जाते तिथे हे संरक्षण पातळ होते. पायांना मुंग्या किंवा लवकर येणारा थकवा यांची साथ म्हणून नोंद होत नाही, म्हणून त्रास नाही असे ठरत नाही. तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: कोंड्यात तेल असते, ते खवट होते, म्हणून पॉलिश न केलेला तांदूळ गोदामात टिकत नाही. हेही खरे.

पण तिन्ही आक्षेपांना एकच जुने उत्तर आहे, आणि ते गोंदियाच्या गिरण्यांना नीट ठाऊक आहे: उसना तांदूळ. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले की पापुद्र्यातले थायमिन दाण्याच्या आत मुरते. मग पॉलिश केले तरी 0.21 मिलिग्रॅम उरते, म्हणजे कच्च्या हातसडीइतकेच. श्रम यंत्राचे, पोषण हातसडीचे, टिकाऊपणा गोदामाचा. इथल्या गिरण्यांत उसना तयार होतो, पण बराचसा परराज्यांत जातो, आणि इथल्या ताटात मान पांढऱ्याशुभ्र अरव्याला, म्हणजे न उकडलेल्या कच्च्या तांदळाला, मिळतो. चवीचा हक्क मी नाकारत नाही. उसन्याला वेगळा वास असतो, तो शिजायला वेळ घेतो, सणाच्या भाताला तो चालत नाही. पण अंगमेहनतीने जगणाऱ्याच्या रोजच्या भाताला तो चालावा.

2021मध्ये केंद्र सरकारने रेशन आणि शालेय आहारात पोषक घटक घातलेला तांदूळ देण्याचे जाहीर केले, आणि मार्च 2024पर्यंत तो सरकारी योजनांत सर्वत्र पोचवला. त्यात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 सक्तीचे आहेत. बी-1, म्हणजे थायमिन, मात्र ऐच्छिक आहे, म्हणून उसन्याची गरज उरतेच. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांना जिल्ह्यातच तयार होणारा उसना तांदूळ दिला, आणि भात पसावून न टाकता पेजेसह वाढला, तर त्यासाठी कुठलाही नवा कारखाना उभारावा लागणार नाही. जिल्हा प्रशासनाने आणि गिरणीमालकांनी एका हंगामापुरते तरी हे करून पाहावे.