पर्जन्यछायेतील मजूर

वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आभाळाकडे पाहण्याचे दिवस. विहिरी तळाला गेलेल्या असतात, रोहिणी नक्षत्र तोंडावर असते, आणि मृगाचा पाऊस वेळेवर येईल काय, एवढाच प्रश्न घरोघर चाललेला असतो. अशा वेळी पावसावर बोलायचे तर एखाद्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी बोलावे. आमचे शाळेचे शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, याचे कारण एका बाईंचा प्रश्न.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इंदापूरकडे ऊसतोड मजुरांची एक बैठक होती. फडाच्या कडेला, कोप्यांसमोर, रात्री. आम्ही तोडणीच्या दराविषयी तावातावाने बोललो. बोलणे संपल्यावर पाटोदा तालुक्यातून आलेल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "भाऊ, समदं खरं. पण आमच्याकडं पाऊस पडला असता, तर आमी इथं आलो असतो का?" आम्ही म्हणालो, "मावशी, पावसापुढे कुणाचे काय चालते?" त्या गप्प झाल्या. आम्हांसही वाटले, उत्तर झाले. ते उत्तर चुकीचे होते, हे कळायला आम्हांस काही वर्षे लागली.

प्रथम पाऊस पाहू. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडून सह्याद्रीला येऊन थडकतात. डोंगरामुळे त्यांना वर चढावे लागते. वर हवा थंड होते आणि वाफेचे पाणी होऊन कोसळते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून वारे खाली उतरू लागले, की ते तापतात आणि ढग विरतात. म्हणून वाईला महाबळेश्वरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच पाऊस लाभतो, आणि आणखी पूर्वेला माण, सांगोला, इंदापूर या भागांत पाचशे मिलिमीटरांच्या आसपासच हिशेब संपतो. डोंगराच्या आडोशाला पडलेल्या या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द एरवी सुखाचा. येथे मात्र तो तहानेचा आहे.

परंतु निसर्गाने या मुलखाशी केवळ वैर केले, असे नव्हे. गोदावरी, भीमा, कृष्णा या तिन्ही नद्या त्या भिजलेल्या डोंगरपट्टीत उगम पावतात आणि पूर्वेकडे, नेमक्या कोरड्या देशातून वाहत जातात. जमिनीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा खडक आहे. तो झिजून नद्यांकाठी खोल काळी माती झाली. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पोटात ओल धरून ठेवते. या ओलीवरच आमचा रब्बीचा शाळू उभा राहतो. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजली ती या मातीमुळे, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ ही जात घरोघर गेली तीही येथल्याच ओलीच्या हिशेबावर. पाऊस फार नको. पण उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा, हवाच. डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीला मात्र एवढीही ओल साठवता येत नाही. बालाघाटच्या माथ्यावरील शेतकऱ्याची गोष्ट ही अशी आहे.

आता इतिहासाकडे वळू. १८७६ साली येथे आधीचा पाऊस जेमतेम झाला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा तर अजिबात पाठ फिरवून गेला. खरीप हातचे गेले, रब्बी पेरताच आली नाही. शेतात काम नाही म्हणून शेतमजुराला मजुरी नाही. शेतकऱ्याकडे पैसा नाही म्हणून कोष्टी, चांभार, सुतार यांना गिऱ्हाईक नाही. धान्य मुळीच नव्हते असे नाही. सोलापूरपर्यंत आगगाडी १८६० सालीच येऊन पोचली होती आणि त्या वर्षी तिने दूरदूरचे धान्य येथे आणून ओतले. बाजारात पोती होती. ती घेण्यास लागणारा पैसा लोकांच्या कनवटीला नव्हता.

सरकारने तळी, रस्ते, कालवे यांची दुष्काळी कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आले. याच गृहस्थांनी १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च करून माणसे वाचवली होती, आणि त्या खर्चाबद्दल वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. आता त्यांनी काटकसर आरंभली. मजुरी एवढी खाली आणली, की दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर जुजबी चिल्लर मिळावी. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नव्हे. त्यातच गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचे हुकूम सुटले.

यापुढे जे घडले त्याचा आम्हांस पत्ताच नव्हता, याची आम्हांस लाज वाटते. कामगार चळवळीवरील आमच्या भाषणांत १८७७ साल नेहमी येई, ते नागपूरच्या एम्प्रेस मिलमधील संपामुळे. तो देशातील आरंभीचा गिरणीसंप म्हणून सांगितला जातो. मग आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या सभेवर आणि १८९० साली मिळालेल्या रविवारच्या सुट्टीवर येत असू. परंतु त्याच १८७७ च्या पहिल्या तीन महिन्यांत दख्खनच्या दुष्काळी कामांवरून लाखाच्या आसपास माणसे कुदळ-पाटी टाकून निघून गेली होती. त्यांच्याजवळ युनियन नव्हती, निधी नव्हता. घरी परतून खावे तर घरात दाणाही नव्हता. तरी या मजुरीवर आम्ही राबणार नाही, असे त्यांनी पायांनी सांगितले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारला अर्जांवर अर्ज धाडले. तिकडे मद्रास इलाख्यात डॉ. कॉर्निश या आरोग्याधिकाऱ्यांनी याच शिध्याला हरकत घेतली, आणि तेथे तो त्याच वर्षी वाढवावा लागला.

त्या दुष्काळाने देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला. पीक बुडाले की प्रथम बुडते ती मजुरी, हे त्यातून सरकारी दप्तरात नोंदले गेले, आणि पुढे दुष्काळसंहिता तयार झाल्या. भाकरी हरवण्याआधी काम हरवते, हे दख्खनच्या मजुराने आपल्या पोटावर शिकलेले शास्त्र होते.

याची परीक्षा पुन्हा झाली ती १९७२ साली. आमचा जन्म थोडा आधीचा. आई खडी फोडायला जाई तेव्हा आम्ही झाडाला बांधलेल्या झोळीत असू, असे ती सांगे. कामावर मिळालेल्या सुकडीची चव तिला जन्मभर आठवे. पाऊस त्या वर्षीही नव्हता. मे १९७३ च्या सुमारास राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल फार झाले, गुरे गेली. परंतु १८७७ सारखी माणसांची रांग मरणाच्या दारी लागली नाही. पावसात फरक नव्हता. फरक होता तो मजुरीत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूरला प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमी या दुष्काळानंतर १९७७ साली कायदा झाली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. पगारातून तो कापला गेला, की आपण नगरवासी कुरकुरतो. त्यामागे झोळीतल्या कितीएक मुलांचा जीव होता, एवढे तरी आपण ध्यानी ठेवावे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर देतो. ज्या फडाच्या कडेला बसून त्यांनी तो विचारला, तो इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेतच आहे. तेथील पाऊस पाटोद्याहून अधिक नाही. तरी तेथे दीड वर्ष पाण्यात उभा राहणारा आडसाली ऊस होता. कारण तेथे घाटमाथ्याचा पाऊस कालव्याने येतो. नीरेच्या डाव्या कालव्याला १८७६ च्या दुष्काळातच हात लागला आणि १८८५ साली तो सुरू झाला. दुष्काळी मुलखाची ज्वारी वाचावी, हा त्याचा हेतू. पुढे पाणी वळले ते मुख्यतः उसाकडे. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले, तेव्हाही ओघ तिकडेच गेला. ऊस पिकवणारा शेतकरी आमचा वैरी नव्हे. त्यानेही कर्ज काढून संसार उभा केला आहे. परंतु पाटोद्याच्या मुरमावर पाणी गेले नाही, म्हणून पाटोद्याची माणसे पाण्यामागे गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, पाच-सहा महिने पाचटाची कोपी, आणि गावी म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली मुले.

म्हणजे, मावशी, केवळ पाऊस पडला नाही म्हणून तुम्ही तेथे आला नाहीत. सह्याद्री हलवता येत नाही. मोसमी वारे कुणाचा अर्ज घेत नाहीत. परंतु पडलेले पाणी कोणत्या पाटाने न्यायचे आणि घाम गाळणाऱ्याला दाम किती द्यायचा, हे माणसांनी ठरवलेले आहे. आणि माणसांनी ठरवलेले माणसांना पुन्हा ठरवता येते. १८७७ साली कुदळ टाकून उठलेल्या त्या लाख माणसांना एवढे उमगले होते. आम्हांला मात्र ते पुस्तकांतून शिकावे लागले.

पुढच्या हंगामात आम्ही त्या टोळीची चौकशी केली. बाई आल्या नव्हत्या. गुडघे गेले म्हणून गावीच राहिल्या, असे कळले. कोयता त्यांच्या सुनेच्या हाती होता. आमचे उत्तर आम्ही त्या सुनेला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग औंदा दर किती मागायचा, भाऊ?"

आम्ही खाली बसलो आणि हिशेबाला लागलो.