शूबर्टच्या ‘सोनाटिना’ मुळात सोनाटा होत्या. मग नाव बदललं कुणी?

पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकणाऱ्यांना शूबर्टच्या तीन ‘सोनाटिना’ हमखास भेटतात. सोनाटिना म्हणजे छोटी, सोपी सोनाटा. गंमत अशी, की फ्रान्झ शूबर्टने स्वतः त्यांना सोनाटाच म्हटलं होतं.

या रचना १८१६ च्या मार्च-एप्रिलमधल्या. शूबर्ट तेव्हा १९ वर्षांचा होता आणि व्हिएन्नात वडिलांच्याच शाळेत लहान मुलांना शिकवत होता. त्या कामात त्याचं मन नव्हतं. त्याच एप्रिलमध्ये त्याने लायबाख (आजचं ल्युब्लियाना) इथे संगीतशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, पण ती नोकरी मिळाली नाही. तीन सोनाटा मात्र झाल्या: डी मेजर, ए मायनर आणि जी मायनर. ड्यॉइच या अभ्यासकाने केलेल्या यादीत त्यांचे क्रमांक डी ३८४, डी ३८५ आणि डी ४०८. (इथला ‘डी’ स्वराचा नाही, ड्यॉइचचा आहे. इथे भलेभले गोंधळतात.)

शूबर्ट १८२८ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी गेला. या सोनाटा तोवर छापल्याच गेल्या नव्हत्या. १८३६ मध्ये व्हिएन्नाच्या डियाबेली या प्रकाशकाने त्या ‘सोनाटिना’ म्हणून बाजारात आणल्या. घरी हौसेने वाजवणाऱ्यांना ‘सोपं’ संगीत हवं असायचं, त्यामुळे हे नाव बहुधा खपासाठीच दिलं असावं. पण त्याने नुकसान केलं. रचना शिकाऊंच्या कप्प्यात गेल्या आणि मोठे वादक त्यांच्याकडे कमी वळले.

डी मेजर सोनाटा खरोखर आटोपशीर आहे, तीनच भागांची. तिच्यात मोझार्टची छाया स्पष्ट दिसते. पण ए मायनर ऐका. पियानो एकटा, हळू आवाजात सुरुवात करतो. मग व्हायोलिन तीच सुरावट घेतं, पण खालच्या स्वरावरून एकदम वर झेप घेत, पुन्हा खाली येत. शांत बसलेला माणूस अचानक मनातलं बोलून जावा, तसं वाटतं. पुढे एफ मेजरमधला संथ, गाण्यासारखा भाग येतो. आदल्याच वर्षी शूबर्टने सुमारे १४० गाणी रचली होती, तो हात इथे ओळखू येतो. नंतर एक छोटा मिन्युएट आणि शेवटी अस्वस्थ, धावता चौथा भाग. एवढ्या ऐवजाला ‘छोटी सोनाटा’ म्हणणं अन्यायाचंच.

त्या काळी अशा रचनांत पियानो मुख्य आणि व्हायोलिन साथीला, अशी जुनी रीत अजून पुरती गेली नव्हती. मोझार्ट-बेथोव्हेननी ती मोडत आणली होती. शूबर्टकडे दोन्ही वाद्यं सुरावट आळीपाळीने मांडतात. तो स्वतः दोन्ही वाजवायचा.

आता अनेक आवृत्त्यांत ‘सोनाटा’ हे नाव परतलं आहे, पण जुनं नाव गेलेलं नाही. ऑनलाइन शोधताना डी ३८५ हा क्रमांक टाका, म्हणजे दोन्ही नावांखालची रेकॉर्डिंग्ज सापडतील.