पेणचा घरातला कारखाना, धाटावची पाळी

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातल्या गणपतीच्या कारखान्याला बहुधा फाटक नसते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत कारखाना म्हणजे घराची पडवी, नाहीतर अंगणावर घातलेला पत्र्याचा मांडव. साच्यातून काढलेल्या मूर्ती ओळीने वाळत असतात. कुणी हात आणि सोंड जोडते, कुणी पॉलिशपेपरने घासते, कुणी प्रायमर मारते. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडेच जाते. खडे लावणे, फेटा-धोतर नेसवणे ही कामे पुष्कळदा घरातल्या आणि शेजारच्या बायका करतात. त्यांची मुले तिथेच खेळतात, तिथेच अभ्यास करतात आणि तिथेच झोपतात.

आईबापांनी घरून काम करावे की कचेरीत परत जावे, हा वाद २०२० नंतर मोठ्या शहरांत रंगला. पेण आणि रोहे या शेजारच्या तालुक्यांना त्याच्या दोन्ही बाजू त्याआधीच माहीत होत्या.

लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि मुंबई-पुण्याची मूर्तींची मागणी वाढत गेली. पेणमध्ये ही कला रुजवणाऱ्यांत देवधर घराण्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. शाडूच्या मूर्ती आधी शहरातल्या मोजक्या घरांत होत. तिथे हात बसलेल्या कारागिरांनी पुढे आपापल्या गावी कारखाने काढले, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस व रबरी साचे आल्यावर हा धंदा हमरापूर-जोहे पट्ट्यात झपाट्याने पसरला. त्यामागे जमिनीचेही कारण आहे. हा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. भाताचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही, आणि भरतीने बांध फुटला तर तेही पीक हातचे जाते. मग उरत असे मिठागर, नाहीतर मुंबई.

मुंबईचा रस्ता सोपा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, घराघरात ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. बाप गिरणीत किंवा कचेरीत, आई गावी, आणि दोघांना जोडणारी मनीऑर्डर: कोकणातल्या असंख्य मुलांचे बालपण असे गेले. चाकरमान्याच्या कष्टांवर पुष्कळ लिहिले गेले. शेती, सासू-सासरे आणि पोरे एकटीने सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोवर त्या मानाने फार थोडे. ज्या घराला गणपतीच्या कामाने गावातच पैसा दिला, त्या घराचा बाप गावात राहिला. पेणच्या या धंद्याचे सर्वांत मोठे देणे हेच आहे, मूर्ती किती परदेशी गेल्या त्याहून मोठे.

पेणचे पोहे, पापड आणि मिरगुंडही महाराष्ट्रभर नावाजलेली. पापड लाटण्याचे काम घराला धरूनच वाढले. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये कर्जावर सुरू केलेल्या ‘लिज्जत’ने हीच रीत संस्थेत बसवली: सकाळी पीठ न्यायचे, घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड मोजून द्यायचे. फरक एकच, पण मोठा. लिज्जतची सभासद ‘बहीण’ धंद्याची भागीदार असते. घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या इतर बाईला असे काही नसते.

रोह्याची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्याशी जोडलेले. त्यांचे वडील वकील. त्या काळच्या वकिलाची कचेरी बहुधा घराच्या ओटीवरच असे, म्हणजे बापाचे काम घरातच. पुढे रोह्याजवळच्या धाटावला औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि घड्याळ पाळीवर चालू लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. घरी परतलेला बाप दिवसा झोपणार, म्हणून मुलांनी गप्प बसायचे. रोह्यापर्यंत रेल्वे आल्यावर दिवा-रोहे गाडीने पनवेल-ठाणे गाठणारे नोकरदारही वाढले. मुंबईच्या सीएसएमटीपासून रोहे १४० किलोमीटरहून लांब आहे. रोज एवढे अंतर कापणाऱ्याला आपले मूल जागेपणी रविवारीच भेटते.

निदान कारखान्याच्या फाटकापाशी तरी कायदा पोचला; घराच्या पडवीत तो पोचला नाही. याच जिल्ह्यातल्या गोरेगावात जन्मलेल्या कामगार नेते ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली तशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०हून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये हा आकडा ३०वर आला. रसायनांच्या कारखान्यांत बायकाच कमी, त्यामुळे धाटावसारख्या ठिकाणी ही अट सहसा लागूच होत नसे. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली आणि रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूदही केली. बापाचा उल्लेख त्यात नाही. पडवीत खडे लावणाऱ्या बाईला कागदावरचा मालकच नाही, तर संमती कोण देणार?

घरून काम करण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आषाढ-श्रावणात पेणला यावे. मागणीचा रेटा असतो, रात्री जागवल्या जातात, स्वयंपाक आणि काम यांच्यामधली रेघ पुसून जाते. घासणीची पांढरी धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. आई डोळ्यांसमोर असते, हे खरे. ती मोकळी असते, असे नाही. अंगणवाडी काही तासच चालते, आणि एकत्र घर असेल तरच बाकीचा दिवस निभतो.

२०२० मध्ये घरून होणारे दोन्ही प्रकारचे काम, लॅपटॉपवरचे आणि पडवीतले, एकाच वेळी कसाला लागले. टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आलेल्यांना ३ जूनच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने गाठले; रायगडातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच महिन्यात सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली, तेव्हा उंच मूर्ती आधीच घडवून बसलेल्या कारखान्यांचा पैसा अडकला. पगारी नोकराचा पगार बहुधा चालू राहिला. नगावर काम करणाऱ्या बाईची कमाई थांबली.

घरी बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. ती उमटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हमरापूर-जोह्यात मूर्तीच्या हंगामात रात्री आठपर्यंत चालणारे पाळणाघर ग्रामपंचायत आणि कारखानदार मिळून काढू शकतात, आणि खडे लावणाऱ्या बाईची मजुरी तिच्याच नावावर वहीत लिहिली जाऊ शकते. हे येत्या हंगामाआधी करावे.