चामड्याचा बिल्ला पुन्हा शिवताना : प्रतिकृती हा पुरावा असतो का?

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधातली तीन पानं एका छोट्या टॉर्चमुळे गेली.

माझा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा : दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांनी इथल्या बाजारातून काय काय शिवून घेतलं? एका खासगी संग्राहकाने मला चामड्याचा एक बिल्ला हाताळू दिला होता. त्याला मिळालेली माहिती होती, ‘कलकत्ता, १९४४’. मी खूश. फोटो काढले, मापं घेतली, टाके मोजले आणि त्यावर तीन पानांचं विवेचन लिहून मॅडमना दिलं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “धागा अतिनील प्रकाशात बघितलास का?”

नव्हता बघितला. पुन्हा गेले, खोली अंधारी केली, टॉर्च लावला. धागा निळसर पांढरा लखलखला. कापड आणि धागा जास्त पांढरा दिसावा म्हणून जी रसायनं वापरतात, ती अशी चमकतात आणि त्यांचा वापर सर्रास झाला तो युद्धानंतर. १९४४ च्या बाजारातल्या साध्या सुती धाग्याने असं चमकायला नको होतं.

आज लिहायचं आहे ते त्या तीन पानांच्या जागी मी काय केलं याबद्दल. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करत आहेत, त्यांना ‘साधन म्हणून वस्तू’ हा प्रकार कधी ना कधी भेटणारच आहे.

आधी जॅकेट, मग बिल्ला

अमेरिकी वैमानिकांचं ‘ए-२’ जॅकेट १९३१ मध्ये अधिकृत झालं. तपकिरी रंग, समोर चेन, मनगटाला आणि कमरेला लोकरी विणीची पट्टी. बरीचशी जॅकेटं घोड्याच्या चामड्याची, काही शेळीच्या. १९४३ नंतर वायुदलाने नवी चामडी जॅकेटं घेणं थांबवलं आणि कापडी जॅकेटं आणली. पण तोवर हे जॅकेट वैमानिकाची ओळख झालं होतं. छातीवर स्क्वाड्रनचा बिल्ला, पाठीवर कधी विमानाचं नाव, कधी मोहिमांचा हिशोब सांगणारी छोट्या बाँबची चित्रं.

बिल्ल्यांचा थाट तर विचारू नका. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने युद्धकाळात वेगवेगळ्या तुकड्यांसाठी सुमारे १,२०० बोधचिन्हं काढून दिली आणि तीही फुकट. चीनच्या बाजूने लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’चा पंखवाला वाघ हा त्याच स्टुडिओचा.

चित्र कागदावर असायचं. ते चामड्यावर आणायच्या मुख्य पद्धती तीन : चामड्याच्या चकतीवर हाताने रंगवणं, चामडं ओलसर करून त्यावर दाबून किंवा कोरून उठाव आणणं, आणि रंगीत चामड्याचे तुकडे कापून एकावर एक शिवणं. माझा संबंध या तिसऱ्या पद्धतीशी.

भारत कुठे येतो?

चीन-बर्मा-भारत या युद्धक्षेत्राला अमेरिकी लोक ‘सीबीआय’ म्हणत. (आपली तपासयंत्रणा नव्हे!) जपानने बर्मा घेतल्यावर चीनकडे जाणारा जमिनीचा रस्ता तुटला. मग एप्रिल १९४२ ते नोव्हेंबर १९४५ या काळात आसाममधल्या चबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकाला ओलांडून माल नेला गेला. साधारण साडेसहा लाख टन. या ‘हंप’ मार्गावर शेकडो विमानं पडली.

पडलेल्या वैमानिकाला भाषा येत नाही, मग त्याने काय करायचं? त्याच्या जॅकेटवर चिनी झेंडा आणि मजकूर असलेला तुकडा असायचा. मजकुराचा आशय असा की, हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला आला आहे, सैनिकांनी आणि नागरिकांनी त्याला वाचवावं. याला ‘ब्लड चिट’ म्हणतात. यातला ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठीच. इंग्रजीत हा शब्द हिंदुस्थानातून गेला. सुरुवातीच्या चिठ्ठ्या रेशमाच्या होत्या आणि पाठीवर शिवल्या जात. पुढे त्या जॅकेटच्या आत, अस्तराला लावू लागले. पाठीवरचा रंगीत झेंडा शत्रूलाही दिसतोच की.

भारतात आणि चीनमध्ये स्थानिक कारागिरांनी याच चिठ्ठ्या चामड्यात केल्या. शिवाय सीबीआयचा ढालीसारखा बिल्लाही केला. त्यात वर निळ्या पट्ट्यात चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि पांचकोनी तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. सैनिकाने बाजारात जायचं, पैसे द्यायचे, बिल्ला घ्यायचा. एवढा साधा व्यवहार.

आणि इथेच माझी अडचण सुरू होते.

कागद गप्प का बसतात?

ए-२ जॅकेटच्या गळ्याशी लेबल असतं. त्यावर कंपनीचं नाव, आराखड्याचा क्रमांक ३०-१४१५ आणि कंत्राटाचा क्रमांक. त्या क्रमांकावरून तुम्ही फायलीपर्यंत जाऊ शकता. कानपूरच्या सरकारी खोगीर कारखान्यासारख्या ठिकाणी मोठ्या प्रमाणात काम झालं, त्याचीही कागदपत्रं निघतात.

बाजारातल्या बिल्ल्याला यातलं काहीच नाही. कंत्राट नाही, पावती नाही, लेबल नाही. बिल्ला स्क्वाड्रनचं नाव सांगतो, कधी वैमानिकाचं सांगतो, शिवणाऱ्याचं सांगत नाही. ‘भारतात बनलेला’ एवढं म्हणूनही चित्र स्पष्ट होत नाही. कलकत्त्याच्या बेंटिंक स्ट्रीटवर चिनी चर्मकारांची दुकानं होती, टांग्र्यात त्यांच्या टॅनरी होत्या. म्हणजे ब्लड चिट शिवणारा चिनी अक्षरं वाचू शकणारा असेल किंवा अक्षराकडे निव्वळ आकार म्हणून बघणारा असेल. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आहे म्हणून वस्तू खोटी ठरत नाही आणि अक्षर सुबक आहे म्हणून खरीही ठरत नाही.

थोडक्यात, या माणसापर्यंत जायचा रस्ता त्याच्या कामातूनच जातो. म्हणून मी ठरवलं की बिल्ला स्वतः करून बघायचा.

कोल्हापूरच्या कट्ट्यावर

मला शिवण येत नाही. म्हणून कोल्हापुरात चामड्याचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेले. चाळीसेक वर्षं या कामात. मी सोबत जुन्या बिल्ल्यांचे मोठे केलेले फोटो आणि पुठ्ठ्याचे फर्मे नेले होते. काकांनी फर्मे बघितले आणि आधी कातरणाचं पोतं उपसलं. मी नवं चामडं विकत आणायला निघाले होते. ते म्हणाले, “एवढ्याशा ताऱ्याला कोण नवीन कातडं फाडतंय ताई?”

पहिला धडा इथेच मिळाला. मी आजवर बिल्ल्याचा खर्च मोजताना चामड्याची किंमत धरत होते. तारा, किरण, पट्टे हे सगळं उरलेल्या तुकड्यांतून निघतं. खरा खर्च वेळेचा.

दुसरा धडा जाडीचा. सूर्य करताना मी सांगितलं की निळ्यावर पांढरा बारा टोकांचा तुकडा, त्यावर निळं वर्तुळ, त्यावर पांढरी चकती. काकांनी तसं रचून दाखवलं. मधोमध चार थर झाले आणि मशीनची सुई अडली. मग त्यांनी रापीने प्रत्येक तुकड्याची कड मागून तासली, म्हणजे तिरकी पातळ केली, आणि निळं वर्तुळ वेगळा तुकडा न लावता रंगवून टाकलं. फोटोंकडे परत बघितलं, तर एका बिल्ल्यावर ते वर्तुळ रंगवलेलंच होतं. मी त्याला आतापर्यंत ‘निकृष्ट काम’ अशी नोंद केली होती! सुई अडू नये म्हणून काढलेला तो शहाणा मार्ग असू शकतो, हे मला सुचलंच नव्हतं.

तिसरा धडा टाक्यांचा. मला काम नाजूक हवं होतं, म्हणून टाका बारीक घ्यायला लावला. काका म्हणाले, “फाटंल.” मी हट्ट केला. फाटलं. चामड्यात सुईचं भोक कायमचं राहतं. भोकं फार जवळ आली की टपालाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि त्याच रेघेवर तुकडा सुटतो. शिवाय किरणाच्या प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक खाचेत सुई खाली ठेवून, पाय उचलून, चामडं वळवावं लागतं. बारा किरण म्हणजे चोवीस वळणं. वळण चुकलं की एखादा टाका टोकाच्या बाहेर जातो. जुन्या फोटोंत असे बाहेर गेलेले टाके मी बघितले होते, पण वाचले नव्हते.

पहिल्या बिल्ल्याला अख्खा दिवस लागला. चौथ्याला अडीच तास.

यातून काय सिद्ध होतं? आणि काय नाही?

इथे सावध राहायला हवं. काकांनी तसं केलं म्हणून १९४४ च्या माणसाने तसंच केलं, असं म्हणता येत नाही. त्याची सुई वेगळी, चामडं वेगळं, घाई वेगळी. प्रतिकृती आपल्याला ‘असं करता येतं’ एवढंच सांगते. ‘असंच केलं’ हे म्हणायला जुन्या वस्तूवर खूण सापडावी लागते. माझ्या कामात प्रतिकृतीने प्रश्न दिले आणि उत्तरं मी पुन्हा जुन्या बिल्ल्यांवर शोधली. क्रम हाच ठेवा.

काळ ठरवतानाही तसंच. काही खुणा बोलतात, काही नुसत्या बोलल्यासारख्या वाटतात :

- पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग बाजारात आला १९५० च्या दशकात. तो मूळ रंगकामात सापडला तर ते रंगकाम युद्धकाळातलं नाही.
- पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, पण धागा म्हणून तो लोकांच्या हाती आला युद्धानंतर. ही खूण बळकट.
- नायलॉन मात्र १९४० मध्ये बाजारात होतं. केवळ नायलॉन दिसलं म्हणून ‘नंतरचं’ म्हणू नका.
- क्रोमने कमावलेलं चामडं एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्यावरून १९४४ की २०१४ हे ठरत नाही.
- झिजलेपणावर तर अजिबात विसंबू नका. सँडपेपर, स्पिरिट आणि बूटपॉलिश यांनी एका दुपारत सत्तर वर्षं चढवता येतात. आम्ही चढवून बघितली.

आणि तो चमकणारा धागा? त्यातही एक गोम आहे. बिल्ल्यात दोन शिवणी असतात : एक बिल्ला घडवणारी, दुसरी तो जॅकेटला जोडणारी. दुसरी शिवण चमकली, तर जुना बिल्ला कुणीतरी नंतर पुन्हा जोडला असू शकतो. माझ्या बिल्ल्यात आतली, तारा आणि पट्टे धरून ठेवणारी शिवणही चमकत होती. म्हणजे बिल्ला नंतरचा, नाहीतर संपूर्ण उसवून पुन्हा केलेला. दोन्ही बाबतींत माझ्या तीन पानांना आधार उरत नव्हता. पानं काढली. वाईट वाटलं, पण काढली.

खोटेपणा नेमका कुठे असतो?

हा बिल्ला करणाऱ्याने कुणाला फसवलं होतं का? सांगता येत नाही. १९८६ चा ‘टॉप गन’ आला, १९८८ मध्ये अमेरिकी वायुदलाने ए-२ परत आणलं, जपानमध्ये आणि अमेरिकेत हौशी कारागीर जुनी जॅकेटं उसवून, टाका टाका मोजून नवी करू लागले. अशा जॅकेटांसाठी हाताने केलेले चामडी बिल्ले हा प्रामाणिक आणि अवघड उद्योग आहे. त्यातल्या अनेकांना जुन्या शिवणीचं ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

बिल्ला पहिल्या हातात ‘प्रतिकृती’ म्हणून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या हातात तो शब्द गळतो. मग कुणीतरी ‘कलकत्ता, १९४४’ म्हणतं, आणि मग माझ्यासारखी कुणीतरी त्यावर तीन पानं लिहिते. ती पानं छापली गेली असती, तर पुढच्याने त्यांचा आधार घेतला असता. बाजारात ज्याची कधी नोंदच झाली नाही, त्या १९४४ च्या कारागिराच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं काम चढलं असतं.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक, वस्तू हातात घेण्याआधी ती तिथवर कशी पोचली, याची साखळी लिहून काढा. साखळीत जिथे ‘असं म्हणतात’ येतं, तिथे लाल खूण करा. मी ती केली नव्हती.

दोन, प्रतिकृती करणार असाल तर आधी प्रश्न लिहा. ‘करून बघू’ हा प्रश्न नाही. ‘चार थर एका मशीनवर शिवता येतात का?’ हा प्रश्न आहे. आणि फसलेले नमुने टाकू नका. माझ्या खोक्यात तो फाटलेला तारा अजून आहे आणि प्रबंधात त्याचा फोटो जाणार आहे.

तीन, तुम्ही केलेल्या प्रतिकृतीवर न पुसली जाणारी खूण करा.

आमच्या चारही बिल्ल्यांच्या मागे, शिवण्याआधीच, तापल्या सळईने वर्ष आणि आद्याक्षरं डागली आहेत. मी आधी फक्त वर्ष आणि माझी आद्याक्षरं टाकणार होते. सळई हातात घेतली, तेव्हा लक्षात आलं की ज्या गोष्टीबद्दल मी प्रकरणभर तक्रार करते आहे, तीच मी करायला निघाले होते. आता तिथे काकांची आद्याक्षरं पहिली आहेत.